ऐंशीचा एक दाणा

नागदेवी स्ट्रीटला, बुऱ्हाणभाईंच्या दुकानात
बावीस वर्षं मी पुड्या बांधते.
डब्यांवर नावं नाहीत, आकडे आहेत.
ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, आठशे.
आकडा वाढतो तसा दाणा बारीक होतो.
नवा पोऱ्या पहिल्याच दिवशी इथे चुकतो,
मोठा आकडा म्हणजे मोठा माल,
एवढंच त्याला शाळेने शिकवलेलं.

खालच्या फळीवर जमिनीतून आलेलं:
कुरुंद, गार्नेट, एमरीचा काळा भुगा,
टाचा घासायचा भोकाभोकांचा दगड.
वरच्या फळीवर भट्टीतून आलेलं कार्बोरंडम,
वाळू आणि कोळसा एकत्र तापवून केलेलं.
उन्हात धरलं की मोरपिशी चमकतं,
हाताला राहिलं तर भाकरीत कचकचतं.
आई म्हणायची, यापेक्षा माझी राख बरी,
भांडी घासून उरली तर दात घासता येतात.

पाठीला दप्तर, अशी एक मुलगी आली,
नवघऱ्यांची, नववीतली.
"अर्धा किलो ऐंशी."
कशाला गं?
"आरसा करायचाय. दुर्बिणीचा."

दारूखान्यात तिचा बाप जहाजं तोडतो.
त्याने आणलेल्या दोन गोल खिडकीच्या काचा,
दोन पेरं जाड, एकीला अजून मीठ चिकटलेलं.
माझगावच्या चाळीच्या गच्चीवर पिंप,
पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी,
मध्ये पूड आणि पाणी,
नि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं.
वरची खोल होत जाते, खालची फुगते.
मी म्हटलं, नवल आहे.
"नवल कसलं? वरचीला कडेबाहेर जायला मिळतं,"
ती म्हणाली आणि सुट्टे पैसे मोजले.

नंबर बदलताना ती डोक्यावरून नहाते,
नखं कापते, पिंप धुते,
बापाला गच्चीवर येऊ देत नाही,
त्याच्या शर्टात गंज असतो म्हणून.
सोवळं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.
ऐंशीचा एक दाणा चारशेत शिरला
की दोन महिने ओवळे.

त्या शनिवारी मोझॅकवाल्यांची झुंबड होती.
त्यांना ऐंशीचं पोतं सोडून दिलं
आणि तेच मापटं चारशेच्या डब्यात घातलं.
पुसलं होतं. पदराला पुसलं होतं.

दहा दिवसांनी ती काच छातीशी धरून आली.
कडेपासून आत, मांजराने ओढावा तसा
एक ओरखडा.
भाई म्हणाले, कंपनीचा माल आहे, सीलबंद.
मी बिलबुकात कार्बन सरकवत राहिले.
"चारशेनेच घास की अजून थोडं," भाई म्हणाले.
मला राहवलं नाही.
चारशे फक्त दोनशेवीसचे ओरखडे खातं, भाई,
त्याहून खोल त्याला पेलत नाही.
प्रत्येक नंबर आधीच्याचे पुसतो, स्वतःचे ठेवतो.
चकाकी म्हणतात ती,
शेवटच्याचे कुणाला दिसत नाहीत म्हणून.
"मागे जाते," मुलगी म्हणाली. "एकशेवीसपासून."
ती पुडी मी घरून आणलेल्या कोऱ्या चमच्याने भरली,
पैसे माझ्या पगारातून वळते केले.
एवढंच केलं. बोलले नाही.

फेब्रुवारीत तिने बोलावलं.
प्लॅस्टिकच्या पाइपात आरसा बसवलेला,
चारही मजल्यांची पोरं रांगेत.
गुरू दाखवणार होती.
पण आकाशभर धुरकं, गुरू कुठला.
मग तिने नळी खाली वळवली, शिवडीच्या बाजूच्या टॉवरकडे.
विसाव्या मजल्यावर कुणी बाई टॉवेल वाळत घालत होती.
उलटी. पाय वर, टॉवेल आभाळाकडे लोंबलेला,
चिमटे मोजता येतील इतका स्वच्छ.
मी त्या टॉवेलात माझा ओरखडा शोधत होते.

"मापटं मी धुतलं नव्हतं,"
डोळा नळीला लावूनच मी म्हणाले.

"हात नका लावू नळीला," ती म्हणाली,
"सगळं हलतं."